घटीचा रकाना

एकतीस वर्षं उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं स्टोअर सांभाळलं.
नट, वायसर, ग्राइंडिंगची चाकं,
पिग आयर्नच्या लाद्या, बेंटोनाइटची पोती.
लोखंडाला कीड लागत नाही,
गंजतं तेवढंच,
आणि गंजाचाही दर ठरलेला असतो.

रिटायर झालो त्याच आठवड्यात
मालकीणबाईंनी टिळकवाडीच्या बंगल्यावर बोलावलं.
"होनगेकर, आमची कोठी बघा एकदा.
चार फ्रीज आहेत आणि कोथिंबीर सापडत नाही."

बघितली.
केशराच्या अकरा डब्या, त्यातल्या सहांची तारीख उलटलेली.
दुबईचे खजूर, तीन दिवाळ्यांचे, एकमेकांना चिकटून.
बासमतीच्या पोत्यामागे बासमतीचंच आणखी एक पोतं,
त्यात सोंडकिडे संसार थाटून बसलेले.
नव्वद माणसांचा उपास निघेल इतका साबुदाणा
आणि मीठ संपलेलं.

प्रत्येक डब्याला कार्ड केलं. आवक, जावक, शिल्लक, घट.
आधी आलं ते आधी जाईल
(हा नियम मी माणसांना लावून बघत नाही).
ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला,
दोघींना वेगळे पत्रे.
महालिंगपूरचा गूळ खालच्या फळीवरून वर, ओल चढते म्हणून.

चिठ्ठ्यांची पंचाईत झाली.
मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही.
स्वयंपाकाच्या मल्लव्वाला दोन्ही बोलता येतं,
वाचता एकही येत नाही.
मग झाकणावर फेविकॉलने एकेक दाणा चिकटवला:
तूर, हुलगा, मटकी, हरभरा.
साखर आणि मीठ यांचं काय, विचारलं
तर भांडी विसळता विसळता म्हणाली,
"सक्करीवर मुंगी काढा की."
काढली. सहा पायांची, मोजून.

तिसऱ्या महिन्यात तूरडाळ कमी भरायला लागली.
गुरुवारी रात्री तोललेली
शनिवारी सकाळी तीनशे ग्रॅम उणी.
पाच आठवडे. काटा तपासला, काटा बरोबर.
शुक्रवारी मल्लव्वा वडगावला लेकीकडे जाते.
लेकीच्या घरचा माग बंद पडून आठ महिने झालेत.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
शुक्रवारी तिचा पदर जरा ओढल्यासारखा दिसतो,
एवढंच.

अठ्ठ्याण्णव साली मुचंडीचा यल्लाप्पा.
गनमेटलचं बुश, सव्वासहाशे ग्रॅम,
जेवणाच्या डब्यात, भाकरीखाली.
गेटवर मीच पकडलं, मीच तोललं,
कागदावर सही माझी.
शाबासकी म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
अजून चालतं.

मी पेन उघडलं.
घटीच्या रकान्यात लिहिलं: कीड, ३०० ग्रॅम.
आयुष्यात पहिल्यांदा रजिस्टरात खोटं,
आणि अक्षर काय सुरेख आलं!

महिनाअखेरी मालकीणबाईंनी चष्मा लावला.
बोट घटीच्या रकान्यावरून खाली खाली आलं.
"ही कीड तांदळाला लागत नाही?"
"नाही बाई. फक्त तुरीला."
"शुक्रवारची."
"शुक्रवारची."
आत मल्लव्वा फोडणी देत होती,
मोहरी तडतडायची थांबेपर्यंत कुणीच बोललं नाही.
मग त्यांनी माझ्याच पेनने
तुरीच्या मागणीत आठाचे नऊ केले.
"थोडा तांदूळही उघडा ठेवत जा, होनगेकर.
नुसत्या डाळीचं काय करील ती?"

मी मान हलवली. नवीन कार्ड काढलं.
सही करताना हात जरा थांबला.

बुश तेव्हा परत स्टॉकात घेतलं होतं.
डबा पुरावा म्हणून कपाटात, टॅग लावून.
आतल्या भाकरींचं पुढे काय झालं
ते कुठल्याच रकान्यात नाही.
जोंधळ्याच्या.
दोन होत्या.